सामुराई सैन्य रंगवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीत किल्ल्यावर मातीचे मावळे मांडण्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना छोट्या सैन्याचं वेड समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की मावळे बाजारातून रंगवून यायचे. टेबलावर लढाई खेळायचे सामुराई पुतळे येतात ते राखाडी, तुकड्यातुकड्यांत, आणि रंगवायचं काम आपल्या गळ्यात. माझ्या टेबलाशी उभं राहून लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलंय.

कोणत्या काळाचे सामुराई घ्यावेत?

सेन्गोकू काळाचे. म्हणजे १४६७ च्या ओनिन युद्धापासून १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडेपर्यंतचा, जपानभर सरदार एकमेकांशी लढत होते तो काळ. बाजारात मिळणारे बहुतेक पुतळे याच काळातले, त्यातही शेवटच्या पन्नास-साठ वर्षांतले असतात.

बाराव्या शतकातल्या गेन्पेई युद्धाचे (११८०–११८५) सामुराईही मिळतात. खांद्यावर मोठे चौकोनी पट्टे, पेटीसारखं भारदस्त चिलखत, हातात धनुष्य. फार देखणे असतात, पण त्यांना सेन्गोकूतल्या बंदूकवाल्यांच्या शेजारी उभं करू नका. देवगिरीच्या यादवांच्या फौजेत मावळे घुसवण्यासारखं होतं ते.

माप कोणतं? २८ मिमी, १५ मिमी की त्याहून लहान?

माप म्हणजे पुतळ्याची साधारण उंची. रंगवण्यात आनंद हवा असेल तर २८ मिमी. मोठी लढाई एका टेबलावर मांडायची हौस असेल तर १५ किंवा ६ मिमी. एक बहात्तरांश मापाचे प्लॅस्टिकचे पुतळे स्वस्त पडतात, पण त्यांतले काही मऊ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकचे असतात आणि भाल्याच्या टोकावरचा रंग खेळताना निघतो. ६ मिमीला कमी लेखू नका. तिथे माणूस दिसत नाही, निशाणांचं रान दिसतं, आणि सेन्गोकू सैन्य लांबून तसंच दिसत असणार.

किती पुतळ्यांपासून सुरुवात करू?

बारा. चकमकीच्या खेळांना एका बाजूला दहा ते वीस पुरतात. पहिल्याच महिन्यात शंभर मागवणाऱ्यांचे खोके माळ्यावर असतात.

सामुराईच्या अंगावर इतके बारकावे आहेत. हे माझ्याच्यानं होईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर देताना मी आधी इतिहास सांगतो, मग ब्रश हातात देतो.

सैन्यातली बहुसंख्य माणसं उंची चिलखतातले सामुराई नव्हती. ती होती आशिगारू, म्हणजे पायदळातली साधी माणसं. त्यांचं चिलखत बहुतेकदा स्वतःचं नसे. सरदाराच्या कोठारातून उसनं मिळे. त्याला नावच ‘ओकाशी गुसोकु’, उसनं चिलखत. शेकडो माणसांना पुरवायचं म्हणजे स्वस्त, एकाच घडणीचं, एकाच रंगाचं. छातीवर आणि डोक्यावरच्या शंकूसारख्या टोपीवर, जिंगासावर, घराण्याचं चिन्ह रंगवलं की झालं. त्या चिन्हाला ‘मोन’ म्हणतात.

म्हणजे जी काटकसर त्या सरदाराला करावी लागली, तीच तुम्ही करायची. वीस आशिगारू एकसारखे, भराभर. वेळ वाचवायचा तो त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या दोन-तीन सामुराईंसाठी, कारण त्यांचं चिलखत स्वतःचं, स्वतःच्या हौसेचं असे. हातभर अंतरावरून सैन्य बघताना आधी डोळ्यांत भरतात निशाणं, मग चिलखताच्या रंगाची पुनरावृत्ती. बेल्टची कडी कुणी बघत नाही.

कोणतं घराणं निवडू?

जे निशाण तुम्हाला रंगवता येईल ते! गंमत नाही, खरंच. निशाण तुम्ही साठ वेळा काढणार आहात.

ताकेदा घराण्याचं मोन म्हणजे चार समभुज चौकोन, एका मोठ्या चौकोनाच्या आकारात मांडलेले. नवशिक्यासाठी याहून सोपं काही नाही. शिमाझूंचं वर्तुळातली फुली. सानादांचं सहा नाणी, तीन-तीनच्या दोन ओळींत. मृतांना वैतरणीसारखी नदी ओलांडायला लागणारे हे पैसे. ओदा नोबुनागा या सरदाराच्या पिवळ्या निशाणावर काळी चौकोनी भोकाची नाणी होती. पिवळं कापड लांबून झकास दिसतं, पण पिवळा रंग दोन-तीन हात दिल्याशिवाय बसत नाही. तोकुगावांची तीन पानं वर्तुळात बसवताना मी स्वतः हात टेकले आणि छापील स्टिकर वापरले. उएसुगींचं मोन बांबूत दोन चिमण्या. ते ६ मिमीवर काढतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

जोडी हवी असेल तर ताकेदा आणि उएसुगी घ्या. कावानाकाजिमाच्या एकाच मैदानावर १५५३ ते १५६४ दरम्यान ही दोन घराणी पाच वेळा समोरासमोर आली, त्यातली १५६१ ची चौथी लढाई सगळ्यात रक्तरंजित. खेळायला विषय कायमचा मिळतो.

लाल चिलखतांचं सैन्य खरंच होतं का, की ते सिनेमातलं?

खरंच होतं. ताकेदांचा सरदार यामागाता मासाकागे याची तुकडी लाल चिलखतात लढे. तो १५७५ मध्ये नागाशिनोच्या लढाईत पडला. १५८२ मध्ये ताकेदा घराणं बुडालं तेव्हा त्यांची बरीच माणसं तोकुगावांकडे आली, ती त्यांचा सरदार ई नाओमासा याच्या हाताखाली दिली गेली, आणि त्यांच्याबरोबर तो लाल रंगही आला. ‘ईंचे लाल राक्षस’ ते हेच. पुढे ओसाकाच्या वेढ्यात सानादांची माणसंही लाल चिलखतात, पण विरुद्ध बाजूने.

रंगवताना एकच चूक टाळा: उजळ करण्यासाठी लालमध्ये पांढरा मिसळू नका. गुलाबी राक्षस तयार होतात. आधी तपकिरीकडे झुकणारा गडद लाल, त्यावर शुद्ध लाल, आणि कडांना किंचित नारिंगी. फटींत पातळ केलेला गडद तपकिरी. गोंडे आणि दोऱ्याही लालच ठेवल्यात तर मधे कुठेतरी काळा किंवा सोनेरी हवा, नाहीतर माणूस टोमॅटोसारखा दिसतो. ई सरदाराच्या शिरस्त्राणाला उंच सोनेरी शिंगं असतात, ती मात्र मनापासून रंगवा.

पावसाळ्यात प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थराचा, स्प्रे मारला तर पुतळ्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं झालं. काय चुकलं?

हवा चुकली. दमट हवेत स्प्रेचे थेंब पुतळ्यापर्यंत पोचताना नीट बसत नाहीत, पृष्ठभाग खरखरीत आणि धुरकट होतो. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर मी स्प्रेला हातच लावत नाही; ब्रशने लावायचं प्रायमर वापरतो. नागपूरच्या मे महिन्यात उलटं: रंग हवेतच सुकतो आणि पुतळ्यावर रवा पसरल्यासारखा बसतो. तिकडे सकाळी लवकर, जरा जवळून, छोट्या छोट्या फवाऱ्यांत.

प्रायमरआधी भांड्याच्या साबणाने पुतळे धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर निघाला नाही तर रंग सालीसारखा सुटतो. आणि साच्याची जोडरेघ कटरच्या पाठीने खरवडून काढा. जिंगासाच्या मधोमध ती रेघ राहिली, तर वीसच्या वीस टोप्या शिवल्यासारख्या दिसतात.

रंग कोणते? परदेशीच लागतात का?

पुतळ्यांसाठी खास बनवलेले ॲक्रिलिक घ्यावेत, त्यांतलं रंगद्रव्य बारीक दळलेलं असतं आणि पातळ थरातही झाकतं. पण सगळीकडे ते उधळायची गरज नाही. बेसची, म्हणजे पुतळ्याखालच्या चकतीची माती, टेकड्या, घरांचे छप्पर, मोठी निशाणं यांना कॅमलचे ॲक्रिलिक उत्तम चालतात. शाळेतले पोस्टर कलर नकोत, पाण्याचा हात लागला की विरघळतात.

जाता जाता: दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनमध्ये २०११ पासून मोठा वाटा ओसाकाच्या कोकुयो कंपनीचा आहे. तेव्हा आपल्या कंपासपेटीवरच्या उंटाचा जपानशी संबंध आहेच. मॉडेलवाल्यांची लाडकी तामिया कंपनी शिझुओकाची, म्हणजे जुन्या सुनपूची, जिथे तोकुगावा इएयासूने अखेरची वर्षं काढली.

वेट पॅलेट विकत घ्यावं का?

नको, घरीच करा. घट्ट झाकणाचा चपटा डबा, तळाला ओला स्पंज किंवा घडी घातलेला टिश्यू, वर बेकिंगचा कागद. रंग दोन दिवस ओला राहतो. पावसाळ्यात चार दिवसांनी वास येतो, तेव्हा पाणी बदला.

एक आशिगारू सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा रंगवता?

काळं प्रायमर. चिलखत काळंच ठेवायचं असल्याने अर्धं काम तिथेच होतं. वरून जवळजवळ कोरड्या ब्रशने, हलक्या हाताने गडद राखाडीचा ड्रायब्रश, म्हणजे कडा उठून येतात. मग चेहरा आणि हात. दिवसभर उन्हात चालणारा माणूस आहे, रंग सावळा-तांबूस ठेवा. मग कपडे. निळीचा गडद निळा, फिकट तपकिरी, मळका पांढरा, राखाडी यांतले दोनच रंग एका तुकडीला. पायातल्या गवताच्या चपला पिवळसर. कपड्यांवर आणि कातडीवर तपकिरी वॉश, म्हणजे फटींत साचणारा पातळ रंग. काळ्या चिलखतावर वॉश वाया जातो, देऊ नका. शेवटी छातीवर आणि टोपीवर मोन.

सहा-सहाचे गट करा आणि एकेक रंग सहांवर एकदम लावत जा. एकेकटा पूर्ण करत बसलात तर आठव्याला कंटाळाल.

चिलखतावरच्या दोऱ्या! त्या कशा?

इथे थोडं थांबू या, कारण सामुराई सामुराई दिसतो तो या दोऱ्यांमुळे. लाखेच्या पट्ट्या एकमेकींना रेशमी दोऱ्यांनी गुंफलेल्या असत. त्या गुंफणीला ‘ओदोशी’ म्हणतात. तिचे दोन प्रकार पुतळ्यावरही ओळखू येतात. जुनी, दाट गुंफण: पट्टी जवळजवळ झाकलेली, उभ्या दोऱ्यांची अखंड रांग. आणि सेन्गोकूतली विरळ गुंफण: दोन-दोन दोऱ्यांच्या जोड्या, मधे काळी पट्टी उघडी. दुसरी धुवायला, वाळवायला आणि दुरुस्त करायला सोपी, म्हणून रणांगणावर ती पसरली.

दाट गुंफण रंगवायला सोपी. पूर्ण भाग दोरीच्या रंगाने भरा, गडद वॉश द्या, मग पट्टीच्या खालच्या कडेला उभा काळा स्पर्श ओढत न्या. वर पुन्हा मूळ रंगाचा ड्रायब्रश.

विरळ गुंफणीला धीर लागतो, पण कसलेला हात लागत नाही. रेघा ओढायच्याच नाहीत, ठिपके द्यायचे. प्रत्येक जोडीच्या जागी टोकदार ब्रशने एक उभा ठिपका; पट्टीखाली पट्टी, ठिपक्याखाली ठिपका. रांगोळीचे ठिपके काढतो तसं आधी मधली रांग, मग दोन्ही बाजूंना. मधोमध सुरू केलं की दोन्ही कडांना सारखं उरतं. एका कडेने निघालात तर दुसऱ्या कडेला अर्धा ठिपका अडकतो.

रंग म्हणाल तर निळीचा गडद निळा सगळ्यात रूढ. काळ्यावर तो दिसत नाही, म्हणून खऱ्यापेक्षा दोन छटा उजळ लावा. सरदारासाठी पांढरा, शेंदरी, जांभळा. एका माणसावर दोऱ्यांचे दोनपेक्षा जास्त रंग नकोत.

लाखेची चमक कशी आणायची?

आधी सगळ्या पुतळ्यावर मॅट व्हार्निश. ते पूर्ण वाळलं की फक्त चिलखताच्या पट्ट्यांवर, शिरस्त्राणावर आणि म्यानांवर ब्रशने सॅटिन, म्हणजे मंद चमकीचं. ग्लॉस नको, खेळण्यासारखं दिसतं. कापड निस्तेज आणि लाख चमकदार, एवढ्या फरकावर पुतळा जिवंत होतो. खऱ्या उरुशी लाखेत काळा रंग लोहापासून आणि लाल हिंगुळापासून येई, म्हणून जुन्या चिलखतात हे दोन रंग पुन्हा पुन्हा दिसतात.

पाठीवरचं निशाण कागदाचं करू की रंगवू?

पाठीवरच्या छोट्या निशाणाला साशिमोनो म्हणतात, आणि उंच उभ्या झेंड्याला नोबोरी. नोबोरीला वरच्या बाजूलाही आडवी काठी असते, त्यामुळे वारा नसला तरी ती ताणलेली राहते. आपल्या भगव्यासारखी फडफडत ठेवू नका.

छापलेला कागद दुमडून काठीभोवती पांढऱ्या गोंदाने चिकटवणं सगळ्यात सोपं. तीन गोष्टी पाळा. गोंद ओला असतानाच बोटाने हलका बाक द्या. कागदाची कापलेली कड रंगवा, नाहीतर ती पांढरी रेघ सगळं उघडं पाडते. आणि छपाईवर पातळ मॅट व्हार्निश आधी द्या, शाई पसरत नाही.

काठीसाठी पितळी तार मिळाली तर छान. मी नोबोरीला उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या वापरतो. त्या बांबूच्याच असतात आणि खरी काठीही बांबूची. ओदांच्या माणसांचे भाले सहा मीटरच्या आसपास लांब असत, म्हणजे २८ मिमीच्या मापात साडेदहा सेंटिमीटर. त्यासाठी खराट्याचा हीर. प्लॅस्टिकचे भाले पहिल्याच महिन्यात मोडतात.

पाठीवर नेहमी मोनच असावं असं नाही. ताकेदांच्या निरोप्यांच्या निशाणावर गोम असे, तोकुगावांच्या निरोप्यांच्या निशाणावर पाच हा आकडा. नोबुनागाच्या खास स्वारांच्या पाठीवर होरो असे, वाऱ्याने फुगल्यासारखी मोठी कापडी पिशवी. काहींची लाल, काहींची काळी. लाल होरोचा एक स्वार सैन्यात असला की फोटोत तोच दिसतो.

जपानी अक्षरं लिहिता येत नाहीत. चुकीचं लिहिलं तर?

चुकीचं लिहिण्यापेक्षा छापा. ताकेदा शिंगेनच्या गडद निळ्या निशाणावर सोनेरी चौदा अक्षरं होती: वाऱ्यासारखे वेगवान, वनासारखे शांत, अग्नीसारखे उग्र, पर्वतासारखे अचल. प्राचीन चिनी युद्धशास्त्रकार सुन त्झूचे शब्द. ही चौदा अक्षरं २८ मिमीवर हाताने लिहिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. उएसुगी केनशिनच्या पांढऱ्या निशाणावर मात्र एकच अक्षर, बिशामोन या देवाच्या नावातलं पहिलं. ते शिकण्यासारखं आहे. बिशामोन म्हणजे आपला वैश्रवण, कुबेर. बौद्ध धर्माबरोबर तो तिकडे पोचला आणि योद्ध्यांचा देव झाला.

बंदुका दाखवायच्या का? त्या पोर्तुगिजांनी आणल्या ना?

दाखवायच्याच. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदुका उतरल्या, आणि काही वर्षांत जपानी लोहार त्या स्वतः घडवू लागले. त्यांचं तोड्याचं, म्हणजे पेटत्या दोरीने बार उडवायचं यंत्र गोव्याच्या शस्त्रशाळेत बनणाऱ्या बंदुकांच्या वळणाचं आहे, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. रंगवताना दस्ता लालसर तपकिरी, नळी काळसर लोखंडी, यंत्राचे भाग पितळी. तोड्याची दोरी मळकट पांढरी आणि टोकाला नारिंगीचा एक ठिपका.

डोळे रंगवावेत का?

नाही. भुवईखाली गडद वॉश पुरे. मुखवटा म्हणजे मेन्पो असेल तर प्रश्नच मिटला.

घोडे?

जपानी घोडे लहान चणीचे, खांद्याशी साधारण १३० सेंटिमीटर. दुसऱ्या संचातला युरोपी शूरवीराचा घोडा बसवलात तर लगेच कळतं. बहुतेक तांबूस तपकिरी, काळी आयाळ. पांढरा एखादा, सरदाराला.

तलवारीची मूठ?

मूठ गडद रंगवून मधे तीन फिकट ठिपके. आतलं माशाचं पांढरं कातडं गुंडाळीच्या चौकटींतून दिसतं, त्याचा भास होतो.

बेसवर चेरीची फुलं लावू?

लढाई कोणत्या महिन्यात झाली ते आधी बघा. नागाशिनो जूनअखेरची, ऐन पावसाळ्यातली: हिरवंगार, चिखल, पाणी साचलेली भातखाचरं. सेकिगाहारा २१ ऑक्टोबर १६००: रात्री पाऊस, सकाळी दाट धुकं, गवत पिवळं पडू लागलेलं. मिकातागाहारा जानेवारी १५७३: बर्फ. फुलं यांतल्या एकाही बेसवर बसत नाहीत, तरी मीही एकदा लावली होती. छान दिसली.

चाळलेली वाळू, फेविकॉल, वर तपकिरी रंग आणि फिकट ड्रायब्रश. वापरलेली चहापत्ती टाकायची असेल तर आधी भाजून पूर्ण कोरडी करा; नाहीतर पावसाळ्यात तिच्यावर खरंच गवत उगवल्यासारखं दिसतं, आणि ते गवत नसतं.

बारीक कामासाठी सगळ्यात छोटा ब्रश घ्यावा ना?

उलट. ट्रिपल झिरोच्या टोकावर रंग पुतळ्यापर्यंत पोचेतो सुकतो. एक नंबरचा, चांगल्या टोकाचा ब्रश घ्या. केसांच्या मुळाशी, धातूच्या नळीत रंग जाऊ देऊ नका. ड्रायब्रशसाठी जुना मेकअपचा ब्रश, घरात विचारून.

चुकलं तर रंग काढता येतो का?

येतो. ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास ठेवून जुन्या टूथब्रशने घासला की निघतो. हातमोजे घाला, खिडकी उघडा आणि आधी एका पुतळ्यावर करून बघा. मी हे शिकलो ते नाइलाजाने. उएसुगींचे सोळा भालेकरी पूर्ण करून मांडले, फोटो काढला, एका जपानी शिकणाऱ्या मैत्रिणीला पाठवला. तिचं उत्तर आलं : ‘सुंदर. पण सगळी अक्षरं उलटी आहेत, आरशातली.’ निशाणं कापून काढताना आठ जणांच्या पाठीवरचा रंगही सोबत आला. त्यातले दोघं अजून अल्कोहोलच्या बरणीत आहेत.